पडवीला दार लावलं

"बंद म्हंजे बंद, आये. टीव्ही नाय बंद. टीव्ही चालतलो. फकस्त दुसऱ्याच्या घरातला काय दिसाचा नाय."

"सुंदराबायचो नातू?"

"तो पण नाय."

"कित्याक? त्येणा काय केल्यान?"

"त्येणा काय नाय केल्यान. मी केलंय."

"मगे ह्यो खोको कशाक व्हयो माका? इस्तव घाल तेका!" मालनकाकीनं रिमोट सोफ्यावर भिरकावला आणि पदरानं तोंड पुसलं.

"तुका पाय आसत. लिफ्ट आसा. खाली जा नि बघून ये पोराक."

"बंद दारार थाप मारू? मयत झाला काय तेंच्याकडे, की भांडाण?"

मयत झालं नव्हतं. भांडणही धड झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, चार शिव्या देऊन-घेऊन माणूस मोकळा होतो. दीपक घाडीनं चहाचा कप मोरीत ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि आईला म्हणाला, "येतंय जाऊन."

आई म्हणाली, "जा. तुझो डंख वाट बघता."

पण तो डंखावर जाणार नव्हता. आधी चार मजले खाली उतरून कोंडीरामकाकांच्या दारात उभं राहायचं होतं. ते काय म्हणतील याचा घोर त्याला रात्रीपासून लागला होता.

आता ही गजाल पहिल्यापासून सांगायला हवी.

दीपकचा बाप धोंडू आमच्याच गावचा. परळात येऊन गिरणीला लागला, गिरणी गेली तेव्हा लालबागला मसाल्याच्या डंखावर उभा राहिला. डंख म्हणजे लोखंडी मुसळांचं यंत्र. पट्टा फिरला की मुसळं धाडधाड वरखाली होतात आणि खाली उखळात मिरची-धणे कुटले जातात. बाया घरून भाजलेल्या मिरच्या पिशवीत घेऊन येतात आणि आपला मसाला कुटून हातात येईपर्यंत जागच्या हलत नाहीत. कुणाची बेडगी कुणाच्या लवंगीत मिसळली तर तिथेच झिंज्या धरतील. धोंडूची छाती मसाल्याच्या धुरळ्यानं गेली आणि त्याच्या जागी दीपक उभा राहिला. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता, कॉम्प्युटरची नोकरी शोधत होता, पण डंख चालवायला दुसरं कोण होतं? दिवसा मिरची, सकाळी लवकर उठून कॉम्प्युटर, असं त्याचं बस्तान बसलं.

चाळीत त्यांच्या खोलीपासून दोन दारं सोडून कोंडीराम मोरेंचं बिऱ्हाड. कोंडीरामकाका आणि धोंडू एकाच गिरणीत, एकाच खात्यात. त्यांचा मुलगा बुद्धभूषण आणि दीपक एकाच बाकावर. भूषणच्या बहिणीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पुऱ्या चाळीत फिरली. ह्याच्याकडून त्याच्याकडे, तिथून वरच्या मजल्यावर, आणि परत आली तेव्हा टेप चघळलेली. वरात दिसे, नवरी दिसेना. भूषणची आई सुंदराबाई रडल्या. तेव्हा ह्या दोघांनी लॅमिंग्टन रोडवरून भंगारातला एक कॉम्प्युटर आणला, उरलेली कॅसेट त्यात उतरवली, आणि गॅलरीतून एक वायर ओढून खोलीखोलीतल्या टीव्हीला जोडली. आता ज्याला लग्न बघायचं त्यानं आपल्या घरात बसून बघावं, कॅसेटला हात लावायचं काम नाही. पुढे दुसऱ्या घरांनी आपापली लग्नं, बारशी, गावचे दशावतार, चौदा एप्रिलच्या मिरवणुका त्यात टाकल्या.

ह्या उद्योगातून दोघांनी एक सॉफ्टवेअर लिहिलं. नाव ठेवलं पडवी. आमच्याकडे घराच्या पुढल्या अंगाला पडवी असते, तिथे येणारा जाणारा न विचारता टेकतो, तंबाखू मळतो, पाणी मागतो. सॉफ्टवेअरही तसंच. घरातला जुना कॉम्प्युटर घ्या, पडवी चढवा, घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, गाणी टीव्हीवर. फोननं काढलेलं आपसूक त्यात येऊन बसतं. आणि शेजारच्या घरांचंही दिसतं. कुठली कंपनी नाही, कुणी पगारी नाही. ज्याला ओपन सोर्स म्हणतात तसलं ते काम. सगळं लिखाण उघड्यावर, कुणीही वाचावं, चूक दिसली तर सुधारावी, फुकट न्यावं. गावकीची विहीर उपसायला जसे जमेल तसे लोक उतरतात, तसे कुठकुठले लोक ह्यात उतरले. पोलंडातला एक निवृत्त रेल्वेवाला होता. ब्राझीलची एक शाळामास्तरीण होती. बडोद्याचा हितेंद्र होता, तो तर दीपकच्या उजव्या हातासारखा. देशोदेशीच्या घरात पडवी चालू लागली. डंखावर मिरचीत न्हालेला दीपक दुसऱ्या दिवशी सकाळी ह्या सगळ्यांना इंग्रजीत पत्रं लिही, आणि मालनकाकी शेजारणीला सांगे, "माझ्या झिलाक फॉरेनची माणसा इचारतत!" शेजारणीला वाटे मसाला परदेशी जातो.

एक खोड मात्र पहिल्यापासून होती, आणि ती चाळीतली होती.

चाळीत दिवसाउजेडी कुणी दार लावत नाही. लावलं तर माणसं दचकतात. कुणी गेलं का, नवरा-बायकोचं वाजलं का, पोलीस आले का. पडवीही तशीच केली होती. चालू केली की दार उघडं. ज्याला लावायचं त्यानं आत शिरून, कडी शोधून लावावं. हितेंद्रनं पहिल्यांदा हरकत घेतली. म्हणाला, उलटं करा. दार लावलेलं द्या, ज्याला उघडायचं तो उघडेल. सगळे शेजारी सारखे नसतात. दीपकनं त्याला सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "पडवीला दार नसतं. दार बसवलं की ती खोली होते." लोकांना ते वाक्य फार आवडलं. भूषणही पोट धरून हसला. हितेंद्र पुन्हा दोनदा बोलला, मग बोलायचा थांबला, आणि एक दिवस यायचाच थांबला. त्याच्यामागून आणखी दोघं-तिघं गेले. मास्तरीणबाईंना मूल झालं. रेल्वेवाल्याचे डोळे गेले. भूषण लोअर परळच्या एका हापिसात मोठ्या पदावर चढला, त्याला वेळ उरेना. तक्रारी साचत गेल्या आणि दीपक एकटा सकाळी त्यातल्या एखाद-दुसऱ्या उपसत राहिला.

मग चाळ पडली आणि टॉवर उभा राहिला.

टॉवरात गॅलरी नाही. प्रत्येकाच्या दाराला जाड पॉलिश, त्यात भोक, भोकातून बघायचं. घाडी वर गेले, मोरे चार मजले खाली. कितीकांनी आपली जागा भाड्यानं देऊन विरार-बदलापूर गाठलं, त्यांच्या जागी कोण आलं ते वॉचमनलाच ठाऊक. पण पुऱ्या इमारतीला इंटरनेट एकाच माणसाचं, सगळी घरं एकाच जाळ्यात. त्यामुळे झालं काय, पडवीनं पुरी इमारत म्हणजे आपली जुनी गॅलरी धरली. ज्याच्या घरात पडवी, त्याला बाकी सगळ्यांच्या घरातलं दिसू लागलं. दीपकला हे कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. त्याला त्यात वावगं दिसलं नाही, उलट बरं वाटलं. आई वरच्या मजल्यावर एकटी कोंडून पडली होती, तिला सुंदराबाईंचा नातू टीव्हीवर रांगताना दिसत होता. भाड्याच्या पोरांनीही पडवी घेतली, फुकट होती म्हणून.

गेल्या थंडीत कोंडीरामकाकांना झटका आला. डावं अंग गेलं. हे माणूस कसं, तर रविवारी विहारात वंदनेला सगळ्यांच्या पुढे, सदरा पांढरा, इस्त्री अशी की माशी बसली तर घसरावी. मुलासमोरही कधी बनियनवर बसलेले नाहीत. आता त्यांना उठवायला दोन माणसं लागत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईनं सून रश्मीला सांगितलं, "ते कसे उठतात, कुठे तोल जातो, रोज व्हिडिओ काढून मला पाठवा." रश्मीनं काढले. अर्ध्या चड्डीतले, लाळ गळणारे, उठता उठता पडणारे, पडल्यावर लहान पोरासारखे रडणारे कोंडीराम मोरे. फोननं ते नेमानं पडवीत नेऊन ठेवले. रश्मीच्या ध्यानीमनी नाही.

इमारतीतल्या कुणीतरी ते आपल्या टीव्हीवर बघितले, फोनमध्ये उतरवले, खाली नाचाचं गाणं लावलं आणि पुढे ढकलले. कुणी ते आजवर कळलं नाही. फिरत फिरत तो व्हिडिओ विहारातल्या आनंदा गायकवाडांच्या फोनवर गेला. भला माणूस. समाचाराला आला आणि काळजीनं त्यानं काकांच्याच डोळ्यासमोर फोन धरला, "कोंडीरामभाऊ, हे तुम्हीच का हो?"

काकांनी शेवटपर्यंत बघितलं. मग सुंदराबाईंना म्हणाले, "दार लाव." त्या दिवसापासून मोऱ्यांचं दार लागलं. व्यायामाची बाई आली तरी उघडेनात.

भूषण थेट डंखावर आला. हापिसच्या कपड्यात, डोळे लाल. मिरचीनं की कशानं, सांगता येत नव्हतं. दीपकनं पट्टा थांबवला.

"दीप्या, बंद कर ते."

"कुलूप लावतो. दोन दिवसात लावतो. पहिल्यापासून दार बंद ठेवतो, तो हितेंद्र म्हणत होता तसं."

"कुलूप नको. बंद."

"अरे पण चूक सुधारता येते ना! हजारो घरांत आहे ते, भूषण. सगळं कसं..."

"तू सुधारशील. आणि त्यात नवीन भोक पडलं तर कोण बघणार? तू? एकटा? मिरची कुटून झाल्यावर?" भूषणला शिंक आली, आणखी एक आली. "कुलूप म्हटलं की रोज राखायला माणूस लागतं. आहे कोण तुझ्याकडे? मी नाही."

"तू तेव्हा हसला होतास. दार नसतं म्हटलं तेव्हा."

"हसलो होतो. म्हणून तर सांगतोय."

आता इथे एक मेख होती. पडवीचं नवं काहीही घराघरांत पाठवायचं तर दोघांची सही लागे. कागदावरची नव्हे, कॉम्प्युटरची, दोन चाव्यांच्या तिजोरीसारखी. एकाला झोपेत वेड लागलं तर दुसरा जागा असावा, म्हणून पोरवयात त्यांनीच तसं ठरवलं होतं. भूषण म्हणाला, "कुलूपवाल्यावर माझी सही मिळणार नाही. बंदवाल्यावर मिळेल. तेव्हा बोलाव." आणि गेला. बाजूला उभी असलेली बाई म्हणाली, "झालं असेल तर माझे धणे घ्या की."

दीपक हट्टी. बापाचा गुण. त्यानं सहीविनाच कुलूपवाली पडवी लिहायला घेतली. म्हणे, तयार झालेली बघितली की भूषण नरमेल. सकाळी आई उठायच्या आत बसे, डंखाची वेळ झाली की उठे. आठवडा गेला. इकडे घरोघरची दारं सताड उघडीच होती, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानं खाली मोऱ्यांकडे जायचं टाळलं. लिफ्टमध्ये सुंदराबाई दिसल्या तर फोन कानाला लावी.

पडवीत एक सोय होती. आपल्या पडवीत आत्ता कोण बसलंय ते दिसे. रविवारी दुपारी डंख बंद म्हणून दीपक घरी होता. नवं लिहिलेलं तपासताना त्यानं सहज ते उघडलं, तर त्याच्या घरात कुणीतरी बसलेलं. वरच्या मजल्यावरचा कुठला तरी ओळखीचा नसलेला फ्लॅट, नुसता नंबर. बघत काय होतं? आईला पावसाळ्यात ताप डोक्यात गेला होता, ती बापाला हाका मारत होती, "धोंडू, मसालो जळलो, धोंडू," तेव्हा डॉक्टरला दाखवायला म्हणून दीपकनंच काढलेला व्हिडिओ. तो तिथे होता हेच तो विसरला होता. आई पलीकडच्या खोलीत घोरत होती, आणि वरच्या कुठल्या मजल्यावर ती तापात बरळत होती.

तो चपला न घालता वर गेला. बेल मारली. एका पोरानं दार उघडलं, हाफ पँट, हातात मॅगीचा वाडगा. मागे टीव्हीवर मालनकाकी.

"ये... ये मेरी माँ है," दीपक म्हणाला. त्याच्या तोंडून मराठी आलंच नाही.

पोरानं मागे वळून बघितलं. खरोखर ओशाळला. "सॉरी अंकल. वो अपने आप चलता रहता है. लोगों का आता है ना, लगा के रखते हैं. घर में थोड़ा आवाज़ रहता है." आणि धावत जाऊन टीव्ही बंद केला. "पानी पियोगे?"

ह्यावर भांडायचं तरी कुणाशी? दीपक जिन्यानं खाली आला. त्यानं भूषणला फोन लावला. म्हणाला, "ये. बंदवाली."

बंदवाली म्हणजे अशी: जी घरं घेतील त्यांच्या पडवीचा बाहेरचा रस्ता कायमचा तुटायचा. ज्याचं त्याचं त्याच्या घरात राहील, शेजाऱ्याला दिसणार नाही, जगाला दिसणार नाही, आणि ह्यापुढे कुणी दुरुस्त करायला येणार नाही. टीव्हीवर एकदाच चार ओळी येणार, पडवी थांबली आहे, तुमचं सामान तुमच्याकडे आहे, दार आम्ही लावून घेतलं आहे, ते आधीच लावायला हवं होतं. शेवटची ओळ दीपकनं दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा ठेवली.

पण पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं होतं. त्यानं हितेंद्रला लिहिलं. किती वर्षांनी लिहीत होता, नमस्कार-चमत्कार कशाला. तुझं बरोबर होतं, हे तेवढं तपासून देशील का. दोन दिवसांनी उत्तर आलं. तपासलं, एका जागी फट राहिली होती ती बुजवली, आता ठीक आहे. ना नाव, ना बरा आहेस का. दीपकनं ते वाचलं आणि आभार मानायला बसला, पण लिहिलेलं पाठवलं नाही.

भूषण संध्याकाळी डंखावर आला. बसायला जागा नव्हती, लॅपटॉप मिरचीच्या पोत्यावर ठेवला. नाकाला रुमाल लावून त्यानं आपली सही केली. दीपकनं हात पंच्याला पुसले, एका बोटानं आपली केली. काही क्षण दोघं पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर काही घडलं नाही. घडणार काय होतं? घराघरांत आपोआप जायचं होतं.

"झालं?" भूषण म्हणाला.

"झालं."

"बाबांना तू सांग. मी नाही सांगणार."

त्यानंतरची ही सकाळ. आईशी वाजवून दीपक चार मजले उतरला तो यासाठी.

मोऱ्यांची बेल त्यानं दाबली नाही, चाळीतल्यासारखी कडी वाजवायला गेला तर कडीच नव्हती. बोटांनी टकटक केलं. भोकात कुणाचा तरी डोळा आला. सुंदराबाईंनी दार उघडलं, पण एका माणसापुरतंच.

"काकी, काकांना भेटायचं होतं."

"ते भेटत नाहीत कुणाला. तू ये." आवाजात राग नव्हता. माया पण नव्हती.

कोंडीरामकाका भिंतीकडे तोंड करून पडले होते. घरातही पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. उन्हाळा असून चादर छातीपर्यंत. दीपक स्टुलावर बसला.

"काका, बंद केलं. काल. भूषणनं आणि मी. आता कुणाचं कुणाला दिसणार नाही."

काका वळले नाहीत. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, शब्द एकेक ओढून काढावा लागे.

"माझं... बघून... झालं ना?"

दीपकनं स्टूल थोडं जवळ ओढलं.

"सगळ्यांचं... बघून झालं. मग... लावलं."

"व्हय, काका."

"धोंडू... असता... तर तुला..." पुढचं त्यांना जमलं नाही, किंवा त्यांनी टाकून दिलं. सुंदराबाईंनी त्यांच्या ओठाचा कोपरा पुसला आणि घाईघाईनं दीपककडे बघितलं, तो बघतोय का म्हणून. दीपकनं नजर खाली घातली होती.

"चहा घेतोस?" त्या म्हणाल्या. उठून गेल्या मात्र नाहीत. त्यालाही ते कळलं.

"नको काकी. डंख उघडायचाय." तो उठला. काकी दारापर्यंत आल्या.

"भूषणच्या पोराला तुझी आई विचारत असते म्हणे."

"हो. टीव्हीवर दिसायचा ना."

"सांग तिला," सुंदराबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. "सांग, तो शाळेत जायला लागला." तेवढ्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

तो रस्त्यानं चालत लालबागला गेला. बस समोरून गेली, पकडली नाही. डंखासमोर बाया रांगेनं उभ्या होत्या, मसाल्याचे दिवस ते. प्रत्येकीच्या पायाशी भाजल्या मिरचीची पिशवी. पहिलीनं त्याला लांबूनच बघितलं.

"आलास रे बाबा! उन्हानं मीच भाजून निघाले. हे बघ, बेडगी निम्मी, लवंगी निम्मी, आणि त्या हिच्या पिशवीत जाऊ देऊ नकोस."

"मला मेली काय करायची तुझी मिरची!" दुसरी म्हणाली.

"भांडू नका. नंबरानं घेतो." दीपकनं शटर वर ढकललं, पंचा नाकातोंडाला आवळून बांधला, आदल्या दिवशीचा लाल धुरळा उखळाच्या कडेवरून हातानं झटकला. पहिलीची पिशवी उखळात रिकामी केली, वर मूठभर खडे मीठ टाकलं. मग पट्ट्याचं बटण दाबलं. मुसळं धडधडायला लागली आणि त्याच्याशी बोलणाऱ्यांचे आवाज ऐकू येईनासे झाले. तो खाली वाकून कडेची मिरची काठीनं मधोमध सारत राहिला.